गाता येतं, बोलता येत नाही

लकवा मारलेला माणूस. उजवा हात लुळा पडलेला, उजवा पाय ओढत चालणारा, आणि तोंडातून शब्द निघत नाही. पाणी हवं असलं तरी बोटाने माठ दाखवावा लागतो. समोरचा काय म्हणतो ते त्याला कळतं, काय उत्तर द्यायचं तेही ठाऊक असतं. पण ओठांपर्यंत येता येता शब्द हरवतो. मग संध्याकाळी घरात गणपतीची आरती सुरू होते आणि हाच माणूस टाळ्यांच्या ठेक्यावर अख्खी आरती म्हणतो, एकही शब्द न चुकता. आरती संपली की पुन्हा मुका. घरचे म्हणतात, देवाची करणी. शेजारी हळूच म्हणतात, नाटक करतो. दोघंही चुकतात.

हा चमत्कार जुना आहे. १७४५ साली ओलोफ डालिन नावाच्या स्वीडिश लेखकाने अशाच एका माणसाची हकीकत लिहून ठेवली आहे. आजारपणात त्याची वाचा गेली होती, पण कोणी सुरुवात करून दिली की चर्चमधली ओळखीची भजनं तो स्पष्ट म्हणायचा. का, ते सांगायला तेव्हा कोणापाशी काही नव्हतं. एकशे सोळा वर्षांनी, १८६१ मध्ये, पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला आणि डाव्या अर्ध्या भागात, कपाळाच्या मागच्या बाजूला, इजा झालेली जागा दाखवली. बहुतेक माणसांत बोलण्याची जुळवाजुळव तिथे होते. गाणं मात्र एकट्या डाव्या बाजूच्या मालकीचं नाही. सूर, लय आणि पाठ झालेल्या ओळी यांत उजवी बाजू आणि मेंदूच्या खोल भागातली केंद्रंही कामाला लागतात. मोठा रस्ता खचला तरी पांदण शिल्लक असते, तसं काहीसं.

याला एक मजेशीर जोड आहे. अशा रुग्णांना आरतीबरोबर शिव्याही येतात. एक ते दहा आकडे येतात, 'राम राम' येतं. म्हणजे सारी किमया सुरांचीच आहे असं नाही. लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की सुरापेक्षा ताल आणि तोंडात बसलेली वाक्यं यांचा वाटा मोठा असू शकतो. संगीतप्रेमींना हे थोडं बोचेल. ढोलकीवाल्यांना आवडेल.

आता खरी गंमत. आरती येते म्हणून माणसाला पाणी मागता येत नाही. त्या पांदणीवरून रोजचं बोलणं कसं आणायचं, याची पद्धतशीर रीत १९७३ मध्ये तयार झाली, आणि ती झाली बोस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात. मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी ती बसवली. माजी सैनिकांच्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेले आणि उतारवयात पक्षाघात झालेले असे दोन्ही प्रकारचे रुग्ण असतात, तेव्हा हे काम तिथे व्हावं यात नवल नाही.

रीत ऐकायला अगदी साधी आहे. दोनच सूर घ्यायचे, एक वरचा, एक खालचा. रोज लागणारं छोटं वाक्य त्यात बसवायचं; आपल्याकडे करायचं तर 'पानी दे' इतकंच. बोलताना जिथे जोर येतो तिथे वरचा सूर. प्रत्येक अक्षरावर रुग्णाच्या डाव्या हातावर हलकी थाप द्यायची. आधी शिकवणाऱ्याने एकट्याने गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून, मग अर्ध्या वाक्यावर शिकवणाऱ्याने गप्प व्हायचं आणि पुढचं रुग्णाला एकट्याला नेऊ द्यायचं. जमलं की वाक्य लांबवायचं. शेवटी सूरही काढून घ्यायचा, म्हणजे गाणं विरत जाऊन बोलणं उरतं. सगळ्यांना हे साधत नाही. समजण्याची शक्ती शाबूत असलेल्या रुग्णांना जास्त साधतं, आणि आठवडेच्या आठवडे चिकटून राहावं लागतं.

या सगळ्यात अवघड काय असेल? गुणगुणणं तर कोणालाही येईल. अवघड आहे ते गप्प होणं. कलावंत आयुष्यभर शिकतो ते समोरच्याचं लक्ष स्वतःवर कसं धरून ठेवायचं हे. इथे नेमकं उलटं हवं. रुग्णाचा आवाज कुठे आधार मागतो आणि कुठे त्याला मोकळं सोडायचं, हे त्याच्या श्वासावरून, ओठांच्या हालचालीवरून ओळखायचं आणि त्याच क्षणी बाजूला व्हायचं. आपल्या पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. शाहिराचा दम संपला की ते ओळ उचलतात, तो सावरला की सोडून देतात. रुग्णालयात जाणाऱ्या कलावंताला शाहिराचा झीलकरी व्हावं लागतं, आणि शाहीर असतो खाटेवरचा माणूस. हे आपोआप येत नाही, शिकवावं लागतं. ते शिकवायची गरज जगाच्या लक्षात आली तीही सैनिकांमुळेच.

दोन्ही महायुद्धांच्या काळात आणि नंतर अमेरिकेतली लष्करी रुग्णालयं जखमींनी भरून गेली. हौशी-व्यावसायिक वादक, गायक तिथे जाऊन कार्यक्रम करू लागले. डॉक्टर आणि परिचारिकांनी पाहिलं की काही रुग्ण खरंच बदलतात, दुखणं विसरतात, बोलू लागतात. मग वादकांना नोकरीवरच घ्यायला सुरुवात झाली, आणि लगेच ध्यानात आलं की नुसत्या सदिच्छेवर हे भागणार नाही. कोणत्या रुग्णापुढे काय वाजवू नये, काय नोंदवावं, डॉक्टरांशी कोणत्या भाषेत बोलावं, यातलं काहीच वादकाला ठाऊक नव्हतं. म्हणून १९४४ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठात संगीतोपचाराचा पहिला पदवी अभ्यासक्रम उघडला, आणि १९५० मध्ये या लोकांची राष्ट्रीय संघटना झाली. आज अमेरिकेत संगीतोपचारक व्हायचं तर वाद्य आणि गळा यांच्या जोडीला शरीररचना, मानसशास्त्र शिकावं लागतं आणि १२०० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, देखरेखीखाली काढावे लागतात. बाराशे तास म्हणजे रोज चार तास धरले तरी तीनशे दिवस. आपल्याकडे एखाद्या अनाथाश्रमात किंवा वॉर्डात दिवाळीला तासभर गाणी म्हणून फोटो काढून येतात, त्याला 'म्युझिक थेरपी' म्हणायची जी पद्धत पडली आहे, तिच्याशेजारी हा आकडा ठेवून बघावा.

चित्रकलेची गोष्टही युद्धाशी आणि आजारपणाशी बांधलेली आहे. एड्रियन हिल हा पहिल्या महायुद्धात ब्रिटनने आघाडीवर नेमलेला चित्रकार. १९३८ मध्ये क्षय होऊन तो सॅनेटोरियममध्ये पडला, वेळ जाईना म्हणून खाटेवर बसून चित्रं काढू लागला, आणि त्यात आपल्याला जे मिळतंय ते शेजारच्या खाटेवरच्यांनाही मिळावं म्हणून शिकवू लागला. त्या शेजाऱ्यांत युद्धातून परतलेले सैनिक होते. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यानेच १९४२ मध्ये रूढ केला.

वाचेवरून पायांकडे येऊ. पार्किन्सनच्या आजारात हात थरथरतात हे बहुतेकांना ठाऊक असतं; पाय गोठतात हे घरात रुग्ण असल्याशिवाय कळत नाही. चालता चालता दाराच्या चौकटीत माणूस खिळल्यासारखा उभा राहतो. पाऊल उचलायची इच्छा आहे, पायात ताकद आहे, तरी पाऊल उचलत नाही. आणि सपाट फरशीवर अडलेला हाच माणूस जिना मात्र सरसर चढतो! जमिनीवर खडूच्या आडव्या रेघा मारून दिल्या तर त्या ओलांडत चालतो. मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचालींचा आतला ठेका चुकू लागतो. बाहेरून ठेका मिळाला, डोळ्याला रेघांचा किंवा कानाला टाळाचा, तर मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो. कान आणि पाय यांची नाळ किती घट्ट आहे, हे दिंडीत पावली खेळणाऱ्याला सांगायला नको.

कोलोरॅडोतल्या मायकल थाउट यांच्या चमूने १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं. पार्किन्सनच्या रुग्णांनी घरीच तीन आठवडे ठेक्यावर चालायचा सराव केला, आणि त्यांची चालण्याची गती सरासरी पावपटीने वाढली. पण पद्धत कशी? आधी रुग्ण स्वतःहून मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजायचं. ठेका तिथेच लावायचा. तो पायाला बसला की मग थोडासा, पाच-दहा टक्केच, वाढवायचा. भजनात रंग चढला की टाळ दुगणीत जातो, ऐकणाऱ्यालाही तेच हवं असतं. पार्किन्सनच्या रुग्णापुढे तसं केलं तर तो पडेल, आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. कला तीच, पण शिकवणीशिवाय ती इथे घातक ठरू शकते.

पुण्यात हे नाचातून चाललं आहे. कथक आणि समकालीन नृत्य शिकलेले हृषीकेश पवार २०१० च्या सुमारापासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेत आले. त्याआधी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने असा वर्ग सुरू केला होता आणि पुढे जगभरच्या नर्तकांना त्याचं प्रशिक्षण देऊ लागली. तिथली एक अट मला फार आवडते: वर्गात आलेल्याला रुग्ण म्हणायचं नाही, नर्तक म्हणायचं. तो नाचायला येतो. बरं वाटणं पाठोपाठ आलं तर येतं.

सैनिकाच्या मनावरच्या जखमेचं काय? इथे सुरुवातीचा धागा पुन्हा हाती लागतो आणि अंगावर काटा येतो. १९९६ मध्येच बोस्टनमध्ये मोजक्या आठ रुग्णांवर एक अभ्यास झाला. भयंकर प्रसंगातून गेलेल्या या माणसांना त्याच प्रसंगाची आठवण करून दिली आणि त्या वेळी मेंदूचं चित्रण केलं. भीतीची केंद्रं पेटली होती, आणि ब्रोकाच्या त्याच भागातली हालचाल मंदावली होती. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठा इमला चढवू नये. पण युद्धावरून आलेला मुलगा 'काय झालं तिकडे?' असं विचारल्यावर भिंतीकडे बघत बसतो, तेव्हा तो अडेलतट्टू नसतो. त्या क्षणी त्याच्यापाशी शब्द नसतात, एवढं तरी यातून समजून घेता येतं. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या लष्करी केंद्रात मेलिसा वॉकर या कलोपचारक अशा सैनिकांना कागदाच्या लगद्याचा कोरा मुखवटा देत. कोणी त्याच्या तोंडाला कुलूप घातलं, कोणी अर्धा चेहरा फाडून टाकला. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी २०१५ च्या अंकात हे मुखवटे छापले. जे वर्षानुवर्षं सांगता आलं नव्हतं, ते टेबलावर ठेवलेल्या मुखवट्याकडे बोट दाखवून सांगता येऊ लागलं.

मुखवटा कोणीही रंगवून घेईल. पण रंगवता रंगवता सैनिक कोसळला, तर? प्रशिक्षित कलावंताला आपली हद्द कुठे संपते ते माहीत असतं. तो जखम उकरत नाही, डॉक्टरला हाक मारतो. स्फोटातून वाचलेल्यासमोर ताशा कडाडून वाजवत नाही, दाराकडे पाठ करून त्याला बसवत नाही.

महाराष्ट्रात सैनिकांच्या पुनर्वसनाची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना उद्योग शिकवणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ ची. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, म्हणजे मिशिगनच्या अभ्यासक्रमाच्याच वर्षीचं. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि तिथे तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे जवान आहेत. मनाच्या बाजूने पाहिलं तर मुक्तांगण आठवतं. १९८६ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या हस्ते सुरू झालेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्राचे संस्थापक अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकूड कोरत, कागदाचे पक्षी घडवत. डॉ. मोहन आगाशे तर एका देहात मानसोपचारतज्ज्ञ आणि नट. अशी माणसं आपल्याकडे झाली, पण ती एकेकटी. शिकवण्याची सोय मात्र तुरळक आहे: मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नृत्योपचाराची पदविका सुरू केली, तिकडे दक्षिणेत पुदुच्चेरीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संगीतोपचार शिकवला जातो. यवतमाळच्या किंवा हिंगणघाटच्या ढोलकीवाल्याने कुठे जावं?

हा प्रश्न मला जामच्या फाट्यावर अधिक टोचतो. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं जाम बहुतेकांना एसटीच्या पाटीवरून माहीत: नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरची वाट फुटते ते ठिकाण. पण या फाट्याला मध्यभागी धरून नकाशावर तास-दीड तासाच्या अंतराचं वर्तुळ काढा आणि आत काय काय येतं ते बघा.

चंद्रपूरच्या वाटेवर वरोरा, म्हणजे आनंदवन. ते चालवणारी महारोगी सेवा समिती बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये स्थापन केली. डॉ. विकास आमट्यांनी तिथे 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेले आणि कुष्ठरोगातून बरे झालेले कलावंत त्यात आहेत. त्यांनी महाराष्ट्रभर कार्यक्रम केले आणि लोकांनी ते तिकीट काढून ऐकले. जगात इतरत्र कलावंत रुग्णांकडे जातो. इथे रुग्ण म्हणून वाळीत टाकलेलाच कलावंत होऊन मंचावर आला. कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या मज्जातंतूंवर घाला घालतात, बोटं आखडतात, स्पर्श जातो. अशा हातांना वाद्य शिकवणाऱ्याने हेही शिकायला हवं की ज्या बोटाला कळ जाणवत नाही, त्याला तार कापली तरी समजणार नाही. रियाज संपला की हात डोळ्यांनी तपासावे लागतात. अशा शेकडो बारीक गोष्टींचं शहाणपण आनंदवनासारख्या ठिकाणी साठलेलं असतं. ते अभ्यासक्रमात उतरलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूला सेवाग्राम. १९६९ मध्ये तिथे सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. जवळच सावंगी मेघेचं. पश्चिमेला पुलगाव: तिथला लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो देशातल्या सर्वांत मोठ्या डेपोंपैकी. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागून स्फोट झाले, अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. सैनिक म्हटला की तो सीमेवरचाच, अशी आपली समजूत. स्फोटाचा आवाज वर्धा जिल्ह्यातही लोकांच्या कानात आहे.

आणि कलावंत? त्यांना तोटा नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी या मुलुखात गावोगाव वाजते. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आहेत, सामुदायिक प्रार्थना आहे. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ मध्येही महाराज स्वतः सीमेवर गेले होते, जवानांना धीर द्यायला. खंजिरी आणि सैनिक यांची गाठ विदर्भात तेव्हाच पडलेली आहे. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. याशिवाय खडी गंमतवाले, दंडारवाले, कीर्तनकार. या लोकांना गर्दीचा श्वास कळतो. एका माणसाचा श्वास ऐकायला त्यांना शिकवायचं आहे, इतकंच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास चाळून कला आणि आरोग्य यांवर अहवाल काढला. त्यानंतर 'याने खरंच काही होतं का?' या प्रश्नावर अडून बसण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. कोणाला, किती, कोणाच्या हातून, हे प्रश्न मात्र खुले आहेत आणि ते प्रत्यक्ष काम केल्यावाचून सुटणार नाहीत. कला औषधाची जागा घेत नाही, हेही जाता जाता बजावायला हवं. लकवा मारला की पहिल्या साडेचार तासांत मोठं रुग्णालय गाठायचं, तिथे भजन कामाचं नाही.

माझी सूचना लहान आहे. सेवाग्रामने किंवा सावंगीने जाम-हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातल्या भजनी मंडळांमधून दहा-बारा जण निवडावेत. बक्षिसं मिळवणारे नकोत, दुसऱ्याला साथ करायला आवडणारे हवेत. सहा महिने, आठवड्यातून दोन दिवस. हात कसे धुवायचे आणि खंजिरी दोन खाटांमध्ये कशी पुसून घ्यायची इथून सुरुवात. मग लकवा, पार्किन्सन, कुष्ठरोग आणि मनावरचा आघात हे चारच विषय. आणि निम्मा वेळ वॉर्डात, स्पीच थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टच्या शेजारी बसून. मानधन द्यावं, कारण मजुरी बुडवून कोणी शिकायला येत नाही. आनंदवनातल्या वादकांना विद्यार्थी म्हणून न बोलावता शिक्षक म्हणून बोलवावं. वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानेही यात उतरावं, माजी सैनिकांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. महाविद्यालयांकडे रुग्ण आहेत, गावांकडे खंजिरी आहे. पहिल्या तुकडीची तारीख कोणीतरी जाहीर करायची बाकी आहे.